नव्वद व्होल्टची पेटी

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या मैत्रिणींनो, आम्ही गटांच्या समन्वयिका आज तुमच्याशी एका जुन्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ. तुम्ही म्हणाल, हप्ते, बँकेचे कागद, मोहफुलाचा भाव हे सगळं सोडून आज हे काय मधेच काढलं? पण या रेडिओच्या पोटात आपल्या गटाच्या कामाचा एक धडा आहे. तो कळायचा तर आधी रेडिओ कसा चालायचा ते समजून घ्यावं लागेल. आम्ही ते सोप्या शब्दांत सांगतो.

गावात विजेचे खांब यायच्या आधीची ही गोष्ट आहे. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सिरोंचापर्यंतचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नागपूरपासून चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि सिरोंचा तर त्याच्या दुपटीहून लांब. एवढ्या दुरून येणारी रेडिओची लहर आपल्या जंगलात पोचेपर्यंत फार क्षीण व्हायची. ती पकडायला घराच्या वर दोन उंच बांबू उभे करून त्यांच्यामध्ये तांब्याची लांब तार ताणावी लागे. तिला एरियल म्हणत. दुसरी तार जमिनीत पुरायची. तिला अर्थ म्हणत. अर्थच्या जागी माती ओली राहावी म्हणून तिथे पाणी टाकावं लागे, विशेषतः उन्हाळ्यात. आमच्या गटांतल्या वयस्क बाया सांगतात, रेडिओचा कान पिळायचं काम पुरुषांचं आणि अर्थला पाणी टाकायचं काम घरच्या सुनेचं.

आता व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. बोटाएवढी काचेची बंद नळी. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते, म्हणून तिला निर्वात नळी असंही नाव आहे. आत मधोमध केसासारखी बारीक तार. तिच्याभोवती तारेची जाळी. सगळ्यात बाहेर पत्र्याची लहानशी नळकांडी, तिला प्लेट म्हणतात. मधली तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे अतिशय सूक्ष्म कण बाहेर पडतात. प्लेटला बॅटरीची धन बाजू जोडलेली असते. ती या कणांना आपल्याकडे ओढते. आत हवा राहिली असती तर तार जळून गेली असती आणि कणांना वाटेत अडथळा झाला असता.

खरी करामत जाळीची. धानाच्या बांधीच्या तोंडाशी आपण मातीचा गोळा ठेवतो. तो हाताने जरासा सरकवला की पाण्याची मोठी धार कमी-जास्त होते. हाताचा जोर थोडा, पण पाणी केवढं हलतं! जाळीचं काम तसंच आहे. दुरून आलेली क्षीण लहर जाळीवर सोडली की ती तारेपासून प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त करते. अशा तऱ्हेने बारीक लहरीची मोठी लहर होते. साधा व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला. जाळी घालायची युक्ती अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली काढली. त्याही आधी कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी खनिजाच्या स्फटिकाने अशा लहरी ओळखून दाखवल्या होत्या.

बॅटरीच्या रेडिओत बहुधा चार व्हॉल्व्ह असत. चौघांची कामं वाटलेली. पहिला व्हॉल्व्ह आपल्याला हव्या त्या स्टेशनची लहर घेऊन तिचं पुढच्या कामाला सोयीचं रूप करतो. दुसरा ती मोठी करतो. तिसरा लहरीतून माणसाचा आवाज वेगळा काढतो, जसा आपण सुपाने कोंडा वेगळा काढतो. चौथा त्या आवाजाला स्पीकरचा कागद हलवण्याइतकं बळ देतो. चारांतला एक बसला की रेडिओ मुका. एकीचं काम दुसरी करू शकत नाही.

या व्हॉल्व्हच्या काचेवर बारीक अक्षरं असत: १आर५, १टी४, १एस५, ३एस४. पहिला आकडा तार तापवायला साधारण किती व्होल्ट लागतात ते सांगतो. १ म्हणजे दीड व्होल्टच्या एका सेलवर चालणारा. विजेवर चालणाऱ्या रेडिओतल्या व्हॉल्व्हला नुसतं तापायला ६.३ व्होल्ट लागत आणि एकेक व्हॉल्व्ह जवळजवळ २ वॅट खाई. बॅटरीचा व्हॉल्व्ह तापायचा ०.०७ वॅटमध्ये. म्हणजे विजेचा एक व्हॉल्व्ह जेवढं खायचा तेवढ्यात बॅटरीचे पंचवीसहून जास्त व्हॉल्व्ह तापले असते. पुढे डीके ९६ आणि तिच्या जोडीचे व्हॉल्व्ह आले, त्यांनी हाही खर्च निम्मा केला. या व्हॉल्व्हची तार इतकी मंद तापे की ती तापली आहे हे डोळ्याला नीट दिसतही नसे. विजेचा रेडिओ लावला की अर्धा मिनिट वाट पाहावी लागे. हा मात्र बटण फिरवताच बोलू लागे.

मग एवढी काटकसर करूनही अडचण कुठे होती? अडचण होती बॅटरीत. या रेडिओला दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या लागत. एक दीड व्होल्टची, तारा तापवायला. दुसरी नव्वद व्होल्टची, प्लेटसाठी. टॉर्चमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो हे आपल्याला माहीत आहे. मग नव्वद व्होल्ट कुठून आणायचे? त्या पेटीत लहान लहान साठ सेल एकामागे एक जोडलेले असत. साठ गुणिले दीड, नव्वद. काही किलो वजनाची ती पेटी. ती पुन्हा भरता येत नसे. आतलं जस्त झिजलं, मसाला वाळला की ती संपली. गंमत अशी की रेडिओ बंद ठेवला तरी मसाला हळूहळू वाळतच राही. त्याच्याही आधीच्या रेडिओंना तारा तापवायला शिशाची, आम्लाची बॅटरी लागे. ती भरून आणायला शहरात न्यावी लागे. वाटेत आम्ल सांडलं तर कपडे जळत.

आणखी एक धोका होता. नव्वद व्होल्टची तार चुकून तापवायच्या तारेच्या जागी लागली तर केसासारख्या त्या तारा एका क्षणात जळत. चारही व्हॉल्व्ह एकदम खलास. म्हणून बॅटरीच्या पिना वेगवेगळ्या जाडीच्या करत, म्हणजे उलटसुलट बसायलाच नको. बाजारहाट लांब, मिस्तरी लांब, नवीन व्हॉल्व्ह त्याहून लांब. त्यामुळे ज्याला पिना कळत तोच पेटीला हात लावी. बाकीच्यांनी लांबून ऐकायचं.

इथून पुढे ही गोष्ट आपल्या कामाची होते. पेटी महाग, म्हणून रेडिओ जपून लावला जाई. बातम्या झाल्या, शेतीचा कार्यक्रम झाला, की बटण बंद. ‘बॅटरी उतरेल’ हा शब्द वयस्क बायांना अजून आठवतो. रेडिओ पडवीत, नाहीतर पंचायतीच्या ओट्यावर. बायका आत चुलीपाशी. भाकरी थापताना जेवढं कानावर पडेल तेवढं त्यांचं. बायकांचा कार्यक्रम दुपारी लागला तर दुपारी कोण बॅटरी खर्च करणार? ज्याच्या हाती बॅटरी, त्याच्या हाती बटण, आणि ज्याच्या हाती बटण, त्याच्याच आवडीचं ऐकायचं, असा तो हिशेब होता.

आपल्या महाराष्ट्रात याच काळात एक मोठा प्रयोग झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांमध्ये रेडिओ शेती मंडळं काढली. दहा आठवडे, आठवड्याला दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे. मग त्यावर चर्चा करायचे आणि गावात काय करता येईल ते ठरवायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. नुसतं ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केली तर माणसं जास्त शिकतात, असं त्यातून दिसलं. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. त्यामुळे पहिल्या प्रयोगात आपली गावं नव्हती. पुढे १९५९ पासून अशी मंडळं देशभर सुरू झाली.

मैत्रिणींनो, ऐकणं, चर्चा आणि कृती ही तर आपल्या गटाच्या बैठकीचीच रीत झाली. पण या सूत्रात एक चौथा शब्द राहून गेला असं आम्हाला वाटतं. तो शब्द म्हणजे ‘सांभाळा’. गावोगावच्या सामुदायिक रेडिओंची मोठी अडचण हीच राहिली. सरकारच्या मदतीने संच आला, त्याच्या पूजेचा नारळ फुटला, पण बॅटरी संपल्यावर पुढची कोण आणणार हे ठरलेलं नव्हतं. संच धड, व्हॉल्व्ह धड, लाकडी पेटी चकचकीत, आणि आवाज नाही.

व्हॉल्व्हची जागा पुढे ट्रान्झिस्टरने घेतली. तो अमेरिकेत १९४७ साली लागला आणि १९५४ पासून त्याचे खिशात मावणारे रेडिओ विकायला आले. ट्रान्झिस्टरमध्ये तार तापवायची भानगडच नाही आणि नव्वद व्होल्टही नको. टॉर्चचे चार-सहा सेल घातले की झालं. आपल्या देशात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले ते १९६१ साली, म्हणजे ट्रान्झिस्टर दाराशी येऊन उभा होता तेव्हा. मग आठवडी बाजारात सेल मिळू लागले. रेडिओ हलका झाला. तो खांद्याला लटकवून धानाच्या रोवणीला नेता येऊ लागला. चुलीपाशी ठेवता येऊ लागला. कितीतरी बायकांनी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा रेडिओ लावला तो हा. हक्काची भाषणं पुष्कळ झाली होती, पण बटण बाईच्या हाती आलं ते बॅटरी स्वस्त आणि हलकी झाली तेव्हा. एखादी वस्तू कुणाची, हे तिच्या चालत्या खर्चावरून ठरतं, ते असं.

आता आजचं बोलू. आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्या खंडपीठात आपले महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ साली सामाजिक संस्थांना स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र काढायची परवानगी मिळाली. २००८ साली शेजारच्या तेलंगणात, झहीराबादजवळ, दलित शेतकरी बायांनी चालवलेला संघम रेडिओ सुरू झाला. त्याच साली साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. पूर्वी बाई चुलीपाशी बसून ऐकायची. आज ती माइकसमोर बसून बोलते. पण सामुदायिक रेडिओचं बळ १०० वॅटपुरतंच. सपाट मुलखात त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. डोंगर आणि दाट झाडी आली की त्याहून कमी. मोबाईलवर एफएम ऐकायचं तर बहुतेक फोनला इअरफोन लावावा लागतो, कारण त्याची वायरच एरियलचं काम करते. बांबूवरच्या तांब्याच्या तारेची ही नात म्हणा.

पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून जातो आणि पलीकडची गावं तुटतात, हे आपण दरवर्षी पाहतो. वीज जाते. मग मोबाईलचा टॉवर बंद पडतो. फोनची बॅटरीही उतरते. अशा वेळी दोन-तीन सेलवर चालणारा साधा रेडिओ पुराची, रस्त्याची, हवामानाची बातमी देत राहतो. एखादीचे दिवस भरले असतील, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर पाऊस आणखी दोन दिवस आहे की उद्या उघडणार, ही बातमी फार मोलाची असते. पण त्या रेडिओत सेल असले पाहिजेत. सगळं तिथेच येऊन थांबतं.

आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत दिसते. एका गावात गटाला मिळालेली पिठाची गिरणी पट्टा तुटल्यामुळे सहा महिने बंद होती. पट्ट्याची किंमत गिरणीपुढे काहीच नव्हती. पण तेवढे पैसे कोणत्या खात्यातून काढायचे यावर तीन बैठका झाल्या. बाया पुन्हा दोन कोस डोक्यावर दळण नेऊ लागल्या. दुसऱ्या एका गावच्या गटाने पहिल्या महिन्यापासून दळणाच्या पैशातून थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकले. त्यांचाही पट्टा तुटला. तिसऱ्या दिवशी गिरणी सुरू. दोन्ही गावच्या गिरण्या सारख्याच, बायाही सारख्याच कष्टाळू. फरक त्या डब्याचा.

म्हणून आमचं सांगणं असं आहे. आपण नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री पाळतो. तिच्यासोबत आता देखभालीचा एक रकाना हिशेबाच्या वहीत वाढवा. बारा जणींच्या गटात दरमहा प्रत्येकीने दहा रुपये टाकले तर महिन्याला १२० आणि वर्षाला १४४० रुपये होतात. एवढ्यात पट्टा येतो, सौर दिव्याची बॅटरी बदलता येते, शिलाई यंत्राची दुरुस्ती होते. कोणतीही वस्तू गटाला मिळणार असेल तर स्वीकारण्याआधी तीन प्रश्न विचारा. हिच्यातलं काय संपतं किंवा झिजतं? ते कुठे मिळतं आणि केवढ्याला? आपल्यातल्या कोणत्या दोघी ते बदलायला शिकणार? दोघी म्हणतो, कारण एक माहेरी गेली तर दुसरी असली पाहिजे. उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.

दुसरं, पावसाळ्याच्या आधी गटासाठी सेलवरचा एक रेडिओ घ्या. सेलची एक जास्तीची जोडी कोरड्या डब्यात ठेवा. रेडिओ वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतले पत्रे खातात. विजा कडाडत असताना बाहेर ताणलेली एरियलची तार असेल तर तिला हात लावू नका. ती पाऊस यायच्या आधीच सोडवून ठेवा.

तिसरं, कुणाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पडला असेल तर तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. आत जुनी बॅटरी असेल तर आधी ती काढा. बॅटरीचा संच थेट घरातल्या विजेला कधीही जोडू नका. व्हॉल्व्ह तर जळतीलच, जिवालाही धोका आहे. नव्वद व्होल्टची ती पेटी आता बाजारात मिळत नाही. पण नऊ व्होल्टचे चौकोनी सेल मिळतात. तसे दहा एकामागे एक जोडले की नव्वद व्होल्ट होतात. तारा तापवायला दीड व्होल्टचा एक मोठा सेल पुरतो. हे काम मात्र जाणत्या मिस्तरीकडूनच करून घ्या, कारण आतले जुने भाग तपासावे लागतात आणि नव्वद व्होल्टचा झटका जोरदार बसतो. मुलांना दूर ठेवा.

संच सुरू झाला तर गावातल्या मुलींना दाखवा. चार काचेच्या नळ्या आणि बांबूवरची तार एवढ्यावर नागपूर कसं ऐकू यायचं, ते त्यांना कळू द्या. तो सुरू झाला नाही, तरी वयस्क बायांना त्याच्याभोवती बसवा आणि विचारा, तुमच्या गावात रेडिओ कुणाकडे होता, तुम्हाला काय ऐकू यायचं, बटण कुणाच्या हाती होतं. मराठीत सांगोत, गोंडीत सांगोत, माडियात सांगोत, मोबाईलवर त्यांचा आवाज भरून घ्या. या बायांची बाजू अजून कुणी नोंदवून ठेवलेली नाही, आणि त्या आता थोड्याच उरल्या आहेत.

पुढच्या बैठकीत देखभालीचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. दहा रुपयांपासून सुरू करा, जमेल तसं वाढवा. येत्या पावसाळ्यात तुमच्या गटाचा रेडिओ बोलता असू द्या, आणि त्याचं बटण तुमच्या हाती असू द्या.